मंडळ, महामंडळ, प्राधिकरण: आपला अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर जातो?

मांजराकाठ

नमस्कार.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं. शाळेच्या मागं पाण्याची उंच टाकी आहे, निळ्या रंगाची, जिन्याला अजून गंजसुद्धा चढलेला नाही. तिच्यात पाणी चढलं ते फक्त चाचणीच्या दिवशी. पोरं खाली उभी राहून वरून सांडणारं पाणी अंगावर घेत होती, आईनं नवी बादली काढली होती. त्यानंतर दोन उन्हाळे गेले. आम्ही त्याच टाकीच्या सावलीत बोअरवर घागरींचा नंबर लावतो.

अर्ज घेऊन तीन कार्यालयं फिरलो. नावं लिहीत नाही, कुणा एकाला धोपटायला हा धागा काढलेला नाही. पहिल्या ठिकाणी म्हणाले, बांधकाम आमचं होतं, पण योजना हस्तांतरित झाली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, हस्तांतरणाच्या कागदावर आमची सहीच नाही. तिसऱ्या ठिकाणी उत्तर मिळालं की पैसा आमच्याकडून आलेला नाही, मग आम्ही काय करणार. तिघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

तिसऱ्या ठिकाणी बारनिशीला, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, निवृत्तीला आलेले एक काका होते. अर्जावर शिक्का मारता मारता म्हणाले, "अर्ज चांगला लिहिलाय, पण मा. अधिकारी म्हणजे कोण? हे खातं हाय, महामंडळ हाय का कंपनी हाय, ते बघा आधी. कोणत्या कागदानं जन्मलंय ते शोधा. त्याच कागदात त्याचं काम लिहिलेलं असतं आन् त्यात बसायची माणसंबी."

तेव्हापासून वाचत सुटलोय. समजलं तेवढं मांडतो, चुकलं तर दुरुस्त करा.

काही संस्था राज्याच्या स्वतंत्र कायद्यानं जन्मतात. एमआयडीसी १९६१ च्या कायद्यानं झाली, म्हाडा १९७६ च्या. जीवन प्राधिकरणाचा कायदाही १९७६ चाच. १९७९ च्या १ जानेवारीला ते पाणीपुरवठा व जलनि:सारण मंडळ म्हणून सुरू झालं आणि १९९७ ला प्राधिकरण झालं. काहींचा कायदा केंद्राचा असतो, संस्था मात्र राज्याची. एसटी महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यातलं आहे. काही चक्क कंपन्या आहेत. आमच्याकडं अजून "बोर्डाची लाइट गेली" म्हणतात, पण वीज मंडळ ६ जून २००५ लाच मोडलं आणि त्याच्या कंपन्या झाल्या. महावितरण त्यातली एक. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळसुद्धा कंपनी कायद्याखालीच नोंदलेलं. आणि काही समित्या, मंडळं नुसत्या शासन निर्णयावर उभी असतात. ती दुसऱ्या शासन निर्णयानं गुंडाळताही येतात. कायद्यानं झालेलं मंडळ मोडायला विधिमंडळात जावं लागतं.

नावावर मात्र जाऊ नका. प्राधिकरण म्हटलं की कुणी नियमन करणारा असेल असं वाटतं, पण जीवन प्राधिकरण योजना बांधतं. विजेचं नियमन करतो तो आयोग आहे.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते बसणाऱ्या माणसांचं कलम. उदाहरणार्थ, १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात राज्य मंडळाची घडण लिहिलेली आहे: अध्यक्ष, जास्तीत जास्त पाच सरकारी अधिकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांतले जास्तीत जास्त पाच, शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार यांच्या बाजूनं बोलणारे जास्तीत जास्त तीन बिगरसरकारी, सरकारी कंपन्या-महामंडळांचे दोन आणि पूर्णवेळ सदस्य सचिव. म्हणजे शेतकऱ्यासाठी खुर्ची ठेवायचा विचार कायद्यानं केलेला आहे. ती खुर्ची कुणी मागितलीच नाही तर तिच्यावर कोण बसलंय, का कुणीच बसलेलं नाही, हे विचारणारं उरत नाही. आपण मराठवाड्यातली माणसं निधीसाठी भांडतो, रास्तच आहे. पण ज्या टेबलावर निधीचं ठरतं तिथल्या आपल्या खुर्च्या आपण मोजलेल्याच नाहीत, असं माझं ठाम मत झालंय.

ज्याचा ज्या मंडळाशी संबंध येतो त्यानं लिहावं, कायद्यानं तिथं कोण बसायला पाहिजे आणि आपल्याला काय अनुभव आला.

*

नाथसागर

चांगला विषय. मी पैठणचा, त्यामुळे पाण्यावरच लिहिणार.

जायकवाडीच्या पाण्यात दोन वेगळ्या संस्था आहेत आणि आपल्याकडे लोक दोघींची गल्लत करतात. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ १९९८ च्या कायद्यानं झालं, मुख्यालय संभाजीनगरला. धरणं, कालवे बांधणं आणि चालवणं त्याच्याकडे. जलसंपदा मंत्री अध्यक्ष, रोजचा कारभार कार्यकारी संचालकांकडे. दुसरी संस्था महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, २००५ च्या कायद्यातली. ती धरण बांधत नाही. पाण्याचे हक्क, ठोक पाण्याचे दर आणि खोऱ्यातलं समन्यायी वाटप ठरवते. तिचा अध्यक्ष मुख्य सचिवांच्या दर्जाचा. सुरुवातीला सोबत दोनच तज्ज्ञ होते, एक जलसंपदा अभियांत्रिकीचा आणि एक जल अर्थशास्त्राचा. पुढं कायदा आणि भूजल यांचे जाणकारही आले.

आता हे दोन्ही एकत्र कसं चालतं ते बघा. कायद्याचं कलम १२, पोटकलम ६, खंड ग. टंचाई खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी सारखी वाटून घ्यावी, असा त्याचा आशय. त्याच्या आधारावर प्राधिकरणानं १९ सप्टेंबर २०१४ ला आदेश दिला. जायकवाडीचा साठा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. उच्च न्यायालयानं २०१६ च्या सप्टेंबरात ते तत्त्व उचलून धरलं. आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला, तो महामंडळाच्या कार्यकारी संचालकांच्या सहीनं. नियम एकीचा, सही दुसरीची.

माझे वडील सांगतात, पूर्वी वरून पाणी सुटायचं ते मोर्चे निघाले, मंत्र्यांच्या मनात आलं तरच. आता निदान तारीख आहे, टक्का आहे. मोर्चा लागतोच, पण हातात कलम धरून मोर्चा काढता येतो. पाणी सुटल्याचं कळलं की आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं संध्याकाळी धरणावर जाऊन उभी राहतात. पाणी पोचायला वेळ असतो, तरी जातात.

तुम्ही खुर्च्यांचं म्हणालात. याच कायद्यात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल मंडळ आहे. एकात्मिक राज्य जल आराखडा मंडळानं करायचा, परिषदेनं मंजूर करायचा. कायदा २००५ चा, परिषदेची पहिली बैठक जानेवारी २०१५ ला. मधली दहा वर्षं राज्याला आराखडा नव्हता आणि प्रकल्प मात्र मंजूर होत राहिले. जनहित याचिका झाली म्हणून ते बाहेर आलं.

*

मोंढ्यातला

मी लातूरच्या मोंढ्यात हिशोब लिहितो. तीस वर्षं झाली. माझं लिहिणं असंच असतंय, समजून घ्या.

बाजार समितीच्या संचालक मंडळात अठरा जण असतेत. त्यातले अकरा सोसायट्यांतून, चार ग्रामपंचायतीतून, दोन व्यापारी-अडत्यांचे आन् एक हमाल-मापाड्याचा. अठरात एक. सोयाबीनच्या हंगामात आमच्याकडं किती माणसं पाठीवर पोतं घेत्यात ते येऊन बगा. सकाळी सौदा निघाला की मापाडी काट्याला उभा, हमालाच्या हातात हूक, बाया खाली बसून चाळणी मारायलेत, सांडलेलं गोळा करायलेत. धुळीनं डोळ्याच्या पापण्या पांढऱ्या होत्यात. ह्या सगळ्यांचा मिळून एक संचालक, आन् चाळणीवाल्या बायांचा तर त्यातबी नंबर लागत नाय.

तरीपण एक सांगतो, ती एक खुर्ची लई मोठी हाय. हमालीचे दर वाढवायचा विषय निघाला का सतरा जण दुसऱ्या बाजूला बघत्यात, हा एकटा बोलतो. इतिवृत्तात त्याचं नाव येतं. नाव आलं का विषय मिटवता येत नाय.

आन् माथाडी मंडळ येगळं, ते बाजार समितीचं नाय. १९६९ चा कायदा. त्यात मालकाचे जेवढे, कामगाराचे तेवढेच, आन् सरकारचे एक तृतीयांशाच्या वर नाय. मजुरी मंडळात जमा होती, वरून लेव्ही मालकानं भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, सुट्टीचा पगार. पण सदस्य सरकार नेमतंय, निवडून येत नायत. नेमलेच नाय तर? मग मंडळाचं काम एकट्या अधिकाऱ्याच्या हातात जातं. अधिकारी भला असला तर चालतंय. भल्या माणसावर कायदा सोडायचा असता तर कायदा कशाला केला असता?

पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, तिथून हे सगळं आमच्यापर्यंत आलं. त्यांची आठवण काढल्याबिगर ह्या विषयावर लिहिणं बरं नाय वाटलं.

*

जालन्याहून

सगळं वाचलं. आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

मराठवाडा विकास मंडळ होतंच की आपल्याकडे. १९९४ पासून. घटनेच्या आधारानं झालेलं, याहून मोठा कागद कोणता? काय मिळालं? अनुशेष, म्हणजे विकासात मागं पडलेला आपला वाटा, होता तिथंच राहिला. आमच्या उद्योगांना जे मिळालं ते एमआयडीसीचे भूखंड, वीज आणि रस्त्यांमुळं. खुर्च्या भरून काही होत नाही, अधिकार आणि पैसा असलेली संस्था पाहिजे. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची ऑरिक सिटी, ती नवी औद्योगिक नगरी, बघा. तिथं ५१ टक्के एमआयडीसी आणि ४९ टक्के केंद्राचा औद्योगिक कॉरिडॉर ट्रस्ट अशी कंपनी केली, म्हणून जमिनीखालून केबल-पाइप गेले, रस्ते झाले. मंडळ करून ते झालं नसतं.

*

निवृत्त_लेखा

जालन्याहून, तुमची निराशा समजू शकतो. नोकरीची शेवटची वर्षं मी नियोजनाच्या आकडेमोडीतच काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात समतोल विकासाचं आश्वासन आलं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं अशा विकास मंडळांची तरतूद करणारं कलम ३७१(२) घटनेत बसवलं. त्यानंतर सदतीस-अडतीस वर्षं ते कलम नुसतं छापलेलं राहिलं. १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेष रुपयांत मोजला: राज्याचा ३,१८६ कोटी ७८ लाख, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाख. पहिल्यांदा आपल्या गाऱ्हाण्याला आकडा मिळाला. १९९४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळं झाली, १ मे १९९४ पासून.

मंडळाची घडण सात जणांची. प्रदेशातला एक आमदार, स्थानिक स्वराज्य संस्थेतला एक सदस्य, तीन तज्ज्ञ, विभागीय आयुक्त, आणि अपर आयुक्तांपेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला एक अधिकारी सदस्य सचिव. तीन तज्ज्ञ म्हणजे नियोजन, शासकीय वित्त व लेखा, नाहीतर सिंचन, आरोग्य, शेती, शिक्षण, उद्योग अशा विषयांतली खरोखर काम केलेली माणसं. नेमणूक राज्यपालांची. ही रचना मी कितीदा तरी वाचली आहे आणि दर वेळी मला ती शहाणपणाची वाटली. सातात तीन तज्ज्ञ, एवढं वजन अभ्यासाला क्वचितच कुठं मिळतं.

मंडळाला खर्चाचे अधिकार नव्हते, हे तुमचं बरोबर. शिफारस करायची, अनुशेषाचा अंदाज द्यायचा, निधीवाटप राज्यपालांनी बघायचं. पण ३७१(२) मध्ये एक वाक्य आहे ते कुणी बोलत नाही. मंडळाच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवायचा. दर वर्षी, सक्तीनं. म्हणजे मराठवाड्याचा हिशेब पटलावर यायची एक हक्काची वाट होती. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली आणि ती वाट बंद झाली. २०२२ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं पुनर्गठनाचा निर्णय घेतला. मधल्या वर्षांचा अहवाल कुणी लिहायचा होता? सदस्यच नव्हते.

ऑरिकचं काम चांगलं आहे, मान्य. कंपनी तिच्या भूखंडावर रस्ता करील. पण हिंगोलीच्या खाटा, पाथरीच्या शाळा आणि भूमच्या तलावांचा एकत्र ताळा ती मांडणार नाही, ते तिचं कामच नव्हे.

*

जालन्याहून

काका, वार्षिक अहवालाचं मला माहीत नव्हतं. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, पण हा मुद्दा मोठा आहे. मंडळाला शिफारशीपलीकडे अधिकार पाहिजेत, हे मात्र धरून आहे.

*

पाटोद्याची_लेक

मी बहुतेक वेळा नुसती वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर पाच-सहा महिने. मुकादमाची उचल घेतलेली असायची, एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. मी आणि धाकटा भाऊ आजीजवळ. आजी आजारी पडली त्या वर्षी मला फडावर जावं लागलं आणि सहावीचं वर्ष बुडालं. पाचट पेटवलेलं असायचं, त्याच्या उजेडात मी मराठीचं पुस्तक वाचायची. आज नर्स आहे, ते एका बाईंमुळे. त्यांनी पुढच्या वर्षी मला त्यांच्या घरी ठेवून घेतलं.

आता आमच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, सामाजिक न्याय विभागाखाली. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनानं घालायचे, असं ठरलं. २०२१ ला संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांचं एक, मुलींचं एक, प्रत्येकी शंभर जणांचं. माझ्या वेळी हे असतं तर, हा विचार मी फार करत नाही, पण येतो.

मांजराकाठ दादांनी खुर्चीचं लिहिलं तेव्हा मला आई आठवली. ऊस तोडण्यात, मोळी बांधण्यात, डोक्यावरून ट्रकमध्ये चढवण्यात बायका निम्म्या. फडावर नाव कोयत्याचं लागतं, म्हणजे नवऱ्याचं. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा झाला त्यात सरकार, मालक, कामगार सारख्या संख्येनं आणि मंडळात निदान एक बाई असलीच पाहिजे, असं लिहिलं. ऊसतोडीच्या महामंडळाला असाच स्वतंत्र कायदा पाहिजे आणि त्यात तोडणाऱ्या बाईची खुर्ची पाहिजे. गर्भाची पिशवी काढलेल्या बायांचं दुखणं काय असतं हे टेबलावर सांगायला तिच्यासारखी कुणी लागेल. मी वॉर्डात त्या बाया बघते. तिशीच्या असतात.

*

मोंढ्यातला

ताई, तुमचं वाचून बराच येळ काय लिहावं सुचलं नाय. तुमच्या बाईंना माझा नमस्कार कळवा.

*

विधी_तिसरं_वर्ष

सगळ्यांना नमस्कार. मी नांदेडला कायद्याचं शिक्षण घेतोय. मांजराकाठ दादांच्या कामाचं एक कलम सांगतो.

माहितीचा अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख), त्यातला आठवा मुद्दा. दोन किंवा अधिक माणसांची जी मंडळं, परिषदा, समित्या असतील त्यांची यादी प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं स्वतःहून प्रसिद्ध करायची. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्तं बघायला मिळतात का, हेही. कुणी अर्ज करायची वाट न बघता. म्हणजे खुर्च्या मोजायचं काम कायद्यानं त्यांच्यावरच टाकलंय.

वेबसाइटवर नसेल तर अर्ज करा. आपल्या राज्यात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप चालतो, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नको. विषय एकच ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांत, नाहीतर त्याच कारणानं परत येतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं अपील, त्यासाठी माहिती आयोगाचं खंडपीठ संभाजीनगरला आहे, मुंबई गाठायची गरज नाही.

आणि चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला तरी घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. तुम्हाला तीन दारं फिरवली, ते या कायद्याखाली चालणार नाही.

विजेबद्दलही एक. वीज नियामक आयोगात दरवाढीचा प्रस्ताव आला की लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्याच लागतात, २००३ च्या वीज कायद्यात तसं आहे. शेतीपंपाच्या बिलावर आपण गावात तासन् तास बोलतो, तेच कागदावर पाठवायला पाहिजे.

*

निवृत्त_लेखा

उत्तम. मी दोन शब्द जोडतो. कायद्यानं झालेलं महामंडळ असो की सरकारी कंपनी, लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांच्या कक्षेत येतं आणि अहवाल विधिमंडळात मांडले जातात. ज्या संस्थेचे वार्षिक लेखे वेळेवर होत नाहीत तिथं संचालक मंडळाच्या बैठकाही सहसा अनियमित असतात, हे मी कामात फार वेळा पाहिलं. म्हणून अर्जात बैठकांच्या तारखा मागा.

*

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतील. पाटोद्याच्या ताईंचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून चुलीपाशी गेली.

अर्ज लिहिलाय. बघून सांगा.

"मा. जन माहिती अधिकारी यांस. विषय: पाणीपुरवठा योजनेची जबाबदारी असलेल्या मंडळाची अथवा समितीची रचना व बैठका. आमच्या गावच्या योजनेचे बांधकाम, हस्तांतरण आणि देखभाल यांबाबत निर्णय घेणारे मंडळ अथवा समिती कोणत्या कायद्यान्वये किंवा शासन निर्णयान्वये गठित आहे, त्याची प्रत द्यावी. त्या मंडळातील मंजूर सदस्यसंख्या, सदस्यांची नावे व ते कोणत्या प्रवर्गातून नियुक्त आहेत, याची माहिती द्यावी. मागील तीन वर्षांतील बैठकांच्या तारखा व इतिवृत्तांच्या प्रती द्याव्यात. हस्तांतरणाच्या पत्राची साक्षांकित प्रत द्यावी."

सोमवारी कळंबला जाऊन देतोय. त्याच बारनिशीवर.

*

विधी_तिसरं_वर्ष

चांगला झालाय, शब्दांतही बसतोय. सदस्यांच्या नावांनंतर एवढं घाला: "पद रिक्त असल्यास कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे."

*

मांजराकाठ

घातलं.